बुलेटचा रोजमेळ

धाडमध्ये तिला कोणीही ‘क्लासिक’ म्हणत नाही. आरसीवर, विम्याच्या पॉलिसीवर आणि पीयूसीच्या दाखल्यावर ‘रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०’ असे स्वच्छ छापलेले आहे. पण चहाच्या टपरीपासून अडत दुकानापर्यंत सर्वांच्या तोंडी ती ‘साहेबांची बुलेट’ आहे. बँकेतून निवृत्त होऊन सात वर्षे झाली. ‘साहेब’ ही उपाधी सुटली नाही आणि ‘बुलेट’ हे नावही बदलले नाही. दोन्ही नोंदी दुरुस्त करण्याचा नाद मी केव्हाच सोडून दिला आहे.

लोकांची ही समजूत अगदीच निराधार नाही. मूळची बुलेट इंग्लंडातल्या रेडिच गावची. भारतीय लष्कराने तिला पसंती दिली आणि १९५५ साली मद्रासेत ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन झाली. तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासची शाखा मात्र चालू राहिली, इतकी की तिच्या गाड्या पुढे परत विलायतेला निर्यात होऊ लागल्या. मूळ पेढी बुडावी आणि आडगावच्या शाखेने तिचे नाव राखावे, असे उदाहरण आपल्या व्यापारी घरांतून शोधले तर दोन-चार निघतील. १९९४ मध्ये आयशर समूहात ही कंपनी विलीन झाली आणि २००९ मध्ये ‘क्लासिक’ हे मॉडेल भारतात आले. तिचे रूप जुने आहे: गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, रुंद मडगार्ड, तारांची चाके, लांब सायलेन्सर. आतले यंत्र मात्र नवे. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, ठिणगी इलेक्ट्रॉनिक. तिजोरी आजोबांची आणि कुलूप नातवाने बसवलेले, असा हा प्रकार आहे.

आता तिजोरी जुन्या धाटणीची असली की तिची निगाही थोडी जुन्या धाटणीने करावी लागते, आणि याच विषयावर मला लिहायचे आहे. कारण गेली काही वर्षे आमच्या घरात या गाडीवरून एक वाद चालू आहे, तो केवळ गाडीचा नाही. पण त्याकडे नंतर येतो.

माझी पहिली बुलेट १९८९ सालची. त्या वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेची ‘सेवाक्षेत्र’ योजना सुरू झाली आणि प्रत्येक ग्रामीण शाखेच्या वाट्याला पंधरा ते पंचवीस गावे आली. आमच्या शाखेच्या गावांपैकी निम्म्या गावांना डांबरी रस्ता नव्हता आणि काळ्या मातीच्या वाटेवर पावसाळ्यात जीप रुतून बसे. मी कर्मचारी कर्ज काढून बुलेट घेतली. म्हशीसाठी कर्ज मागणाऱ्याची म्हैस खरोखर आहे का, विहिरीसाठी घेतलेल्या रकमेची विहीर झाली की लग्न झाले, हे पाहायला मी तिच्यावरून चांडोळ, मासरूळ अशी गावे पालथी घातली. १९९० ची कर्जमाफी आली तेव्हा गावोगाव जाऊन याद्या पडताळण्याचे कामही तिनेच केले.

त्या गाडीचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. सुरू करण्याचा विधी वेगळाच. दिव्याच्या कवचावर अ‍ॅम्पिअरमीटर असे. चावी लावून किक हळूहळू दाबत गेले की त्याचा काटा मध्यावर येऊन थांबे, म्हणजे दट्ट्या दाबाच्या टोकाशी आला असे समजायचे. मग डीकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून किक किंचित पुढे सरकवायची, सोडायची, आणि नंतर एकच पूर्ण किक. हे तंत्र ज्याला साधले त्याची गाडी एका किकला सुरू होई. ज्याला घाई होई त्याच्या नडगीवर किक उलटी येई. व्यवहारात घाई करणाऱ्यांना नडगीचा इलाज लवकर समजतो, असे आमचे एक जुने शाखाधिकारी म्हणत. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या फटीसाठी पाना, ती साफ करायला पॉलिश पेपरचा तुकडा आणि जादा प्लग हे खोक्यात नेहमी असे. ती गाडी मी मुलीच्या लग्नाच्या सुमारास विकली.

मग २०१८ मध्ये साठाव्या वर्षी ही क्लासिक घेतली. पाच गिअर, तेही डाव्या पायाला, पहिला खाली आणि बाकीचे वर. अनेक वर्षे उजव्या पायात मुरलेली सवय डाव्या पायात उतरवायला मला सुमारे दोन महिने लागले. त्या काळात मी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यापलीकडे गेलो नाही. साठीनंतर शरीराला नवी गोष्ट शिकवता येते, एवढे मात्र त्यातून कळले.

गाडी कशासाठी, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. नोव्हेंबरात याचे उत्तर सोपे असते. त्या महिन्यात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. पण ज्यांचे गुडघे गेले, डोळे गेले, किंवा मुले पुण्या-मुंबईला गेली, त्यांच्यापाशी मोबाईल घेऊन कोणीतरी जावे लागते. आसपासच्या गावांतले निवृत्त शिक्षक आहेत, सैनिकांच्या विधवा आहेत. यांची खाती कधी काळी मीच उघडली होती. एरवी अर्ज भरून देणे, केवायसी, वारसाची नोंद अशी कामे असतात. एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला जाते आणि तिच्या वेळेला येते. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी सौ.ला घेऊन मलकापूरला नातेवाइकांकडे जाणे असते. एवढ्यावर वर्षाचे साडेचार हजार किलोमीटर होतात. सात वर्षांत एकतीस हजारांवर गेले आहेत.

गाडीची एक वही आहे. आडवी, लाल कापडी पुठ्ठ्याची, आपण दिवाळीला पूजतो तशी. आता रोजमेळ संगणकात गेला; दुकानातून अशा वह्या उरतात, त्यातलीच एक मी आणली. डाव्या पानावर जमा म्हणून केलेले काम, उजव्या पानावर खर्च. किलोमीटर, तारीख, काय पाहिले, काय बदलले. माझ्या दृष्टीने रोजच्या निगराणीचा अर्थ एवढाच: चूक लहान असताना तिची नोंद होणे. ज्या दुकानात रोजचा गल्ला रोज मिळतो तिथे फरक पाच-दहा रुपयांचा निघतो; जिथे तो वर्षअखेरीला मिळवतात तिथे मुनीम बदलावा लागतो.

सकाळी निघण्यापूर्वी मला पाच मिनिटे लागतात. गाडी डबल स्टँडवर उभी करतो. इंजिनाच्या उजव्या अंगाला काचेची लहानशी खिडकी आहे, तिच्यात तेलाची पातळी दिसते. गाडी सरळ उभी असेल तरच ती खरी दिसते; तिरप्या स्टँडवर पाहिले तर आकडा खोटा. तेल पातळ, करपलेल्या वासाचे झाले की बदलायची मुदत वाट न पाहता आलेली असते. मग टायर. दाब महिन्यातून दोनदा मोजतो, तोही गाडी चालवण्यापूर्वी, कारण चाललेल्या टायरातली हवा तापून आकडा वाढवून दाखवते. नंतर एक जुनी सवय: पेन्सिलीने एकेका तारेवर टिचकी मारत चाक फिरवायचे. घट्ट तार टणत्कार करते, सैल तार बद्द वाजते. माझा सहा वर्षांचा नातू सुटीत आला की हे काम तो करतो आणि त्याला वाटते की आजोबांनी त्याच्यासाठी वाद्य आणले आहे.

टायरविषयी एक गोष्ट आपल्या घरांतून फारशी कोणी पाहत नाही, म्हणून सांगतो. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असे नाही. रबर उभ्या-उभ्याही म्हातारे होते, कडक होते, चिरते. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर घासून नव्हे, वयाने निकामी होतो. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणारा टायरही तो आकडा वाचूनच घ्यावा. आपण औषधाची मुदत वाचतो, पापडाच्या पाकिटावरची तारीख वाचतो. ज्याच्यावर दोन जिवांचा भार आहे त्याची का वाचू नये?

चेनला मी सर्वाधिक वेळ देतो. आमच्याकडची काळी माती कोरडी असताना पिठासारखी उडते आणि ओली असताना लोण्यासारखी चिकटते. चेनवरच्या तेलात ती बसली की तिची काजळी होते, आणि ही काजळी कानसेसारखे काम करते. प्रत्येक फेऱ्याला चेन आणि चक्राचे दाते थोडे थोडे झिजवते. म्हणून सुमारे पाचशे किलोमीटरला, पावसाळ्यात त्याआधीही, गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवत चेन पुसतो. पूर्वी रॉकेल वापरत असे. आता ते मिळत नाही म्हणून फडक्यावर थोडे डिझेल. मग कोरडे फडके, आणि शेवटी ९० नंबरचे गिअर ऑईल, तेही चेनच्या आतल्या अंगाला, थेंबाथेंबाने; जास्तीचे पुसून टाकायचे, नाहीतर ते पुन्हा मातीला बोलावते. हे काम इंजिन बंद ठेवूनच करायचे. गिअरात टाकून चाक आपोआप फिरवत चेन पुसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांपैकी दोघांची बोटे चेन आणि चक्राच्या मध्ये सापडून गेली. आमच्या मिस्त्रीचाचांच्या गॅरेजात पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा धडा हाच आहे.

चेनला ताण किती असावा, याचे उत्तर खाली-वर सुमारे एक इंच असे. पण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत सर्वांत घट्ट जागा शोधून तिथे मोजायचे. सैल चेन धक्के देते, उडते. फार घट्ट चेन बेअरिंग खाते, आणि ते अधिक महाग पडते. चाकाच्या दोन्ही बाजूंना शंखाच्या आकाराच्या चकत्या आहेत, त्यांना खाचा आहेत. डावीकडे जितक्या खाचा, उजवीकडेही तितक्याच. एक जरी खाच कमी-जास्त झाली तरी चाक तिरके बसते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. जमा-खर्च जुळला नाही तर ताळेबंद सही करायचा नसतो. मीही खाचा दोन्हीकडे मोजल्याशिवाय नट आवळत नाही.

बाकीच्या गोष्टी झटकन सांगतो. क्लच वायरच्या टोकाशी तेलाचे दोन थेंब. ब्रेक शूच्या दांडीवरची खूण. पुढच्या डिस्कचे ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलणे. गाडी धुताना सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप नको. त्या धारेने पाणी हबच्या बेअरिंगमध्ये आणि चेनच्या रोलरमध्ये शिरते. बादली, फडके आणि मडगार्डच्या आतली माती खरवडायला बाभळीची नव्हे, बांबूची काडी. बाभळीने रंग जातो. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. माझी गाडी कार्ब्युरेटरची आहे. चातुर्मासात आपले फिरणे तसेही कमी होते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकतो. बॅटरीला आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटे काम द्यावे लागते. गाडीला किक आहे म्हणून बॅटरीकडे दुर्लक्ष करणे म्हणजे घरात ठेव आहे म्हणून उधारी न वसूल करणे.

इथे एक अनुभव नोंदवतो. सुरुवातीच्या वर्षी मी गाडी एका मोठ्या कार्यशाळेत सर्व्हिसिंगला देत असे. बिलावर वीस-बावीस कामांची यादी असे आणि प्रत्येकापुढे टिक. छत्तीस वर्षे ज्याने लेखापरीक्षकांच्या टिका पाहिल्या त्याला टिक पाहून शंका येते. पुढच्या खेपेला मी सुनेकडून नखांचे रंग मागून घेतले आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या स्क्रूवर, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा डब्यावर येईल असा ठिपका दिला. चेन समायोजनाच्या चकतीवर दुसरा. संध्याकाळी गाडी आली. बिलात एअर फिल्टर साफ केल्याचे पैसे, चेन समायोजनाचे पैसे. ठिपके दोन्ही अखंड. मी आवाज चढवला नाही. व्यवस्थापकांना बोलावून ठिपके दाखवले. त्यांनी दोन्ही रकमा वजा केल्या आणि मुलाला ओरडले. मुलाचा दोष थोडा असावा. दिवसाला जितक्या गाड्या त्याच्याकडून पुऱ्या करून हव्या होत्या, तितक्या प्रामाणिकपणे होण्यासारख्या नव्हत्या. त्यानंतर गाडी मी चाचांकडेच नेतो. ते बिल देत नाहीत, पण काढलेला प्रत्येक जुना भाग माझ्या हातावर ठेवतात. वाचकांनी निदान एवढे तरी करावे: बदललेला भाग परत मागावा. तेही एक व्हाउचरच आहे.

माझा चिरंजीव सी.ए. आहे, पुण्याला असतो. वादाची सुरुवात त्यानेच केली. त्याची भाषा आकड्यांची. “पप्पा, आयकर नियमाने मोटार वाहनाला १५ टक्के घसारा. सात वर्षांत रुपया ३२ पैशांवर आला. आता दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा विका.” हिशेब बरोबर होता, उरलेल्या किमतीवर दरवर्षी १५ टक्के कापत गेले तर सातव्या वर्षी बत्तीस पैसेच उरतात. मी त्याला एवढेच म्हणालो की घसारा हा वस्तूच्या झिजेचा अंदाज आहे, झीज नव्हे. झीज किती झाली ते वहीत आहे. आणि आयुष्य टिकवणारा खर्च महसुली असतो हे तुला तुझ्या पहिल्या वर्षीच शिकवले असेल.

तो थोडा थांबला आणि मग जे खरे होते ते बोलला. “गाडीची किंमत सोडा, पप्पा. गाडी १९० किलोच्या वर आहे. तुम्ही ६३ किलोचे. वय किती? उद्या कुठे तोल गेला तर?” यावर माझ्याजवळ हिशेबाचे उत्तर नव्हते. सौ. दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “त्याचं म्हणणं तोडू नका. पण आपणहून विकूही नका.” या वाक्याचा अर्थ लावायला मला दोन दिवस लागले.

वयाने काय बदलते ते मी जाणतो. नजर अंधारात मंदावते. समोरच्या गाडीचा झोत पडला की तिला सावरायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून मी रात्री गाडी चालवत नाही. आपल्याकडे जेवण सूर्यास्तापूर्वीच असते, ही शिस्त माझ्या फार उपयोगी पडते. पाच वाजता जिथे असेन तिथून उठतो. दिव्याच्या झोतात येऊन हेल्मेटच्या काचेवर आपटणारे किडे पाहणेही मला सोसत नाही. शिवाय संधिकाळी आमच्या रस्त्यांवर रोही आडवे येतात, आणि रोह्याचे एक वाईट असते: एक गेला म्हणून पुढे जावे तर मागचा दुसरा येतो.

दिवसाही रस्ता वाचावा लागतो. सोयाबीनच्या दिवसांत शेतकरी डांबरी रस्त्यावर शेंगा पसरतात, त्यावरून वाहने जाऊन मळणी होते. गोल दाण्यांवर दुचाकीचे चाक बर्फावर गेल्यासारखे सरकते. तिथे ब्रेक नाही, वळणे नाही. आधीच वेग उतरवून सरळ पार व्हायचे. कापसाच्या हंगामात गाड्यांवरून कापूस इतका बाहेर आलेला असतो की मागून पुढचा रस्ता दिसत नाही. ओलांडायची घाई न करता मी मागे राहतो. माझ्या गाडीला एबीएस नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, माझी त्याआधीची. म्हणजे चाक अडकू न देण्याचे काम माझ्या बोटांचे आहे. कोरड्या डांबरावर थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण भार पुढे येतो. पण तो झटक्याने नव्हे, पिळल्यासारखा दाबायचा. मुरमावर मात्र पुढचा हलका. हे मी महिन्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम करून पाहतो, कारण प्रसंग आल्यावर हात सवयीनेच चालतो.

मलकापूरला जायचे तर आधी बुलढाणा आणि मग राजूर घाट उतरायचा. सौ. बरोबर असते तेव्हा निघण्यापूर्वी मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची चकती दोन खाचांनी घट्ट करतो, म्हणजे मागचा भाग बसत नाही आणि पुढचे चाक हलके पडत नाही. साडी गार्डचे स्क्रू पाहतो. मागच्या बसणाऱ्यासाठी हाताला धरायची पट्टी, पायठेव आणि निम्मे मागचे चाक झाकणारे गार्ड कायद्यानेच असावे लागते, तरी नवी गाडी शोभेची करण्यासाठी ते काढून टाकणारे तरुण मी आपल्या समाजातही पाहतो. घाट ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरायचा, हा जुना नियम. इंजिनच गाडीला धरून ठेवते, ब्रेक तापत नाहीत. दोघांचीही हेल्मेटे आयएसआय चिन्हाची. सौ.चा सुरुवातीला अंबाड्यावरून आक्षेप होता. आता ती अंबाडा खाली बांधते.

तर त्या वादाचे आम्ही असे केले. दिवाळीला सगळे घरी असतात तेव्हा चिरंजीव, सौ. आणि मी, तिघांनी बसून वहीच्या शेवटच्या पानावर करार लिहिला. लायसन्सच्या नूतनीकरणाला माझ्या वयात पाच वर्षांनी डॉक्टरांचा दाखला लागतोच; पण पाच वर्षे हा काळ फार मोठा आहे. म्हणून दरवर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा. डोळ्यांचा नवा तपास झालेला असावा. घरामागच्या पटांगणात दोन विटा ठेवून, पाय न टेकवता, चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तीन फेरे. आणि शेवटी गाडी कोणाच्याही मदतीशिवाय डबल स्टँडवर. यात ताकदीपेक्षा रीत अधिक आहे: डावा हात हँडलला, उजवा मागच्या मुठीला, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर, आणि गाडी ओढायची नाही, अंगाचे सारे वजन त्या पायावर उभे करायचे, गाडी आपणहून मागे चढते. त्रेसष्ट किलोंचा माणूस एकशे नव्वद किलो उचलतो तो असा. तीन प्रयत्नांत नाही चढली, तर त्याच आठवड्यात विक्री. अपील नाही. साक्षीदार म्हणून सौ.ची सही.

माझ्या मित्रांना हा पोरखेळ वाटतो. एक-दोघे मात्र आपापल्या मुलांना न सांगता येऊन विटांमधून आपली स्कूटर चालवून गेले.

पहिली काही वर्षे मी पहिल्या प्रयत्नात उतरत गेलो. यंदा डोळ्यांचा कागद ठीक आला, आठचे तीनही फेरे पाय न टेकता झाले. स्टँडवर मात्र पहिल्यांदा गाडी अर्ध्यावर येऊन परत खाली बसली. चिरंजीव एक पाऊल पुढे आला होता, सौ.ने हाताने त्याला थांबवले. मी चपला काढून बूट घातले, पाय दांडीवर नीट रोवला आणि दुसऱ्यांदा ती चढली.

वहीत ‘उत्तीर्ण’ लिहावे असे चिरंजीवाने सुचवले. मी ‘दुसऱ्या प्रयत्नात’ असे लिहिले, कारण पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला तेवढे कळले पाहिजे. सौ.ने सही केली. खाली नेहमीच्या नोंदी आहेत: चेन स्वच्छ, मागच्या टायरचा आकडा पाहिला, ब्रेक ऑईल फेब्रुवारीत, लायसन्सची मुदत २०२८ पर्यंत. सोमवारी तीन पेन्शनरांकडे जायचे आहे.